एक माप मोठं

शत्रुघ्न तांडेल हा माणूस इतका भित्रा, की त्याच्यासोबत दुकान चालवणं म्हणजे डोक्याला ताप. मी नंदकुमार, लातूरचा. कुवेतमधल्या जहरा गावात मासेमारीच्या आणि वाळवंटातल्या तंबूंच्या सामानाचं दुकान आहे, तिथं आम्ही दोघं सेल्समन. मालक कुवैती, आठवड्यातून एकदा येतो, चहा पितो, जातो. बाकी सगळं आमच्यावर. मला चार वर्षं झाली, शत्रुघ्नला एकोणीस. तो विजयदुर्गच्या खाडीकडचा, मी अशा गावचा जिथं समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात.

थंडी पडली की आमच्याकडं वेडर खपतात. वेडर म्हणजे छातीपर्यंतची रबरी तुमान, खाली बूट चिकटवलेले, खांद्यावरून दोन पट्टे, आणि कमरेला एक वेगळा पट्टा. गळ टाकणारे साधे हिरवे घेतात. बदकांच्या शिकारीला परदेशी जाणारे गवताच्या छापाचे मागतात. गिऱ्हाईक आलं, माप सांगितलं, खोका दिला, संपलं. दोन मिनिटांचं काम. पण शत्रुघ्नच्या हाती गिऱ्हाईक लागलं की तास गेलाच म्हणून समजा.

पहिला प्रश्न, कुठं जाणार? वाळू, दगड की चिखल? दुसरा, एका जागी उभे राहणार की चालणार? उभा राहणाऱ्याला जाड कापडाचा, कारण उभ्या माणसाला थंडी हाडात शिरते. चालणाऱ्याला पातळ, नाहीतर आत घामाचं तळं. मग लोकरीचे दोन मोजे घालायला लावायचे, वेडर चढवायचा, उकिडवं बसवायचं, स्टुलावर चढवायचं. टाच बुटात हलली की माप बाद. शेवटी त्या बिचाऱ्याला फरशीवर उताणं झोपवायचं आणि म्हणायचं, आता एकट्यानं काढा. हा घड्याळ घेऊन उभा! तीस सेकंदांत निघाला नाही, तर विक्री नाही. एकदा एक दाढीवाले शेखसाहेब आमच्या फरशीवर पाय झाडत पडले होते आणि मला हसू आवरेना.

मी म्हणायचो, "शत्रू, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गिऱ्हाईक पळवतोस की रे."

तो म्हणायचा, "पळांदे. बुडाक नको."

त्या गुरुवारी तो इकाम्याच्या, म्हणजे राहायच्या परवान्याच्या, कामाला गेला होता आणि दुकानात मी एकटा. दुपारी एक मराठी जोडपं आलं, सबाह अल-सालेमहून. जयदीप म्हणून, नाशिकचा इंजिनिअर, तेलकंपनीत. सोबत बायको श्वेता. गळ टाकायचा नवा नवा शौक, उद्या शुक्रवारी पहाटे जहराच्या मागच्या खाडीवर जायचं ठरलेलं. नऊ नंबर त्याला अगदी बरोबर बसला. पण बाई म्हणाल्या, "एक माप मोठंच घे. आत स्वेटर बसेल, दोन मोजे बसतील. आणि तुझं पोट काय कमी होणारे का?"

आता हे आपल्या लोकांचं जुनंच. शाळेचा गणवेश घ्या, चप्पल घ्या, मापापेक्षा मोठंच घ्या. मीही त्यातलाच. म्हणलं, "बरोबर आहे वहिनी, सैलच बरं." दहा नंबर दिला. कमरेचा पट्टा त्याला काचत होता, तर मीच म्हणालो, राहू द्या, शोभेचा असतो तो. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पट्टा ड्रॉवरात टाकला, गॅरंटीच्या कार्डावर फोन नंबर लिहून घेतला आणि माझी पाठ मीच थोपटली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता शटर उघडलं. शत्रुघ्ननं गल्ल्याखालचा ड्रॉवर ओढला आणि तसाच उभा राहिला. हातात तो काळा पट्टा.

"नंदू, ह्यो कोणाचो?"

मी सांगितलं. हसत हसतच सांगितलं. तो हसला नाही.

"दहा नंबर? तेका नऊ होत होतो ना? काढूक लावलंस?"

"अरे, वेळ कुठं होता?"

"खंय गेलोहा तो?"

"मागच्या खाडीवर. पहाटेच जाणार होता."

त्यानं भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कागदावर बोट ठेवलं. ओहोटी साडेसहाला संपली होती. म्हणजे आता भरती चालू होती. जयदीपला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"अरे, गाडीत ठेवला असेल फोन," मी म्हणलं. शटर पाडलं, आणि वानेतमध्ये, म्हणजे दुकानाच्या छोट्या टेम्पोत बसलो. जाताना त्यानं मागं दोरखंड टाकला आणि बर्फाच्या मोठ्या पेटीचं थर्माकोलचं झाकण.

वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, चिखल बूट पकडतो. बूट मापाचा असेल तर पाय जोर लावून सुटतो. सैल असेल तर पाय आतल्या आत वर येतो, बूट तिथंच, आणि माणूस आडवा. पट्टा नसेल तर वरून पाणी थेट पायापर्यंत. मग त्याला दोन माणसं उचलू शकत नाहीत. मला म्हणावंसं वाटलं, आधी का नाही सांगितलं? पण त्यानं चार वर्षं रोज सांगितलं होतं, मीच खिदळत होतो.

खाडीवर वाऱ्यानं कान सुन्न झाले. गाडीपाशी श्वेतावहिनी उभ्या, पायात चपला नाहीत. आम्हाला पाहून धावत आल्या. "एकशेबाराला फोन केलाय, येताहेत म्हणाले, अजून नाही आले! तो हलतच नाहीये!" मग माझ्याकडं बघून, "मीच म्हणाले ना मोठं घे? मीच म्हणाले."

मी टेम्पोतून दोरखंड ओढून काढला.

शंभरेक पावलांवर जयदीप होता. मांडीपर्यंत चिखलात, कमरेच्या वर पाणी. मधली सगळी जागा काळी, चकाकणारी, आणि तिच्यावर पाणी आवाज न करता पसरत येत होतं. लाटबिट काही नाही. लाट असती तर बरं, निदान दिसली असती. इथं आत्ता कोरडा दिसलेला दगड पुन्हा पाहावं तर नाही.

शत्रुघ्ननं दोरीचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. त्याचे दात वाजत होते. मी म्हणलं, "शत्रू, पोलीस येतील रे." माझे पाय जागचे हलत नव्हते, खोटं कशाला बोलू?

"पाणी तेंच्या आधी येतला," तो म्हणाला. झाकण छातीखाली घेतलं आणि पालीसारखा चिखलावर सरपटत निघाला.

दोरी माझ्या हातांतून सरकत होती आणि मी मोजत होतो, किती उरली. वहिनी माझा दंड धरून उभ्या होत्या, नखं रुतली होती. पाणी जयदीपच्या बरगड्यांना आलं. शत्रुघ्न ओरडला, "खांद्याचे पट्टे सोडा! वेडर सोडा, बाहेर या!" जयदीपनं उलट दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरले. त्याला वाटत होतं ते रबरच आपल्याला वाचवतंय. ते निघालं तर आपण संपलो. "नाही, नाही," एवढंच म्हणत होता.

आणि पाणी वेडरच्या काठावरून आत शिरलं. मी ते पाहिलं. तो एकदम हनुवटीपर्यंत खाली बसल्यासारखा झाला, तोंड उघडं, आवाज नाही. वहिनींनी जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानातून जात नाही.

शत्रुघ्ननं त्याच्या थोबाडीत मारली. खणखणीत. हात सुटले तसा एक पट्टा उघडला, दुसरा खिशातल्या आमिष कापायच्या सुरीनं कापला. त्याला मागं उताणं पाडलं, झाकण त्याच्या पाठीखाली सारलं, काखेत हात घातले आणि ओरडला, "पाय ओढू नकोस! हळूहळू हलव! चिखल मारणा नाय, घाई मारता!" एक पाय निघाला. मग किती वेळ काहीच नाही. मी देवाचं नाव घेत होतो, कुठल्या देवाचं तेही आठवत नाही. दुसरा निघाला तेव्हा कळलं ते दोरीला बसलेल्या हिसक्यानं. आम्ही दोघांनी ओढलं. वहिनी पडल्या, उठल्या, पुन्हा ओढायला लागल्या.

जयदीप काठावर आला तेव्हा ओठ जांभळे, अंगात भिजलेलं आतलं लोकरीचं तेवढं. वहिनींनी त्याला गाडीत घातलं, हीटर लावला, आणि त्याचं डोकं पोटाशी धरून त्याला शिव्या देत रडू लागल्या. लांबून सायरन ऐकू येत होता. खाडीत वेडरची जागा आता ओळखूही येत नव्हती.

मी शत्रुघ्नपाशी गेलो. तो वानेतच्या चाकाला टेकून बसला होता, डोळे सोडून सगळा काळा. थंडीनं आणि भीतीनं असा कापत होता की मी अंगावर टाकलेलं जाकीट दोनदा खाली पडलं. म्हणलं, "वाचवलंस रे बाबा." त्याचं लक्षच नव्हतं. तो भरत्या पाण्याकडं बघत होता.

"नंदू," तो म्हणाला, "मी नसताना आणि कोणाकोणाक असो दिलंस?"

मी आठवू लागलो. डिसेंबरात तो आठवडाभर तापानं पडला होता. तेव्हा पाच वेडर गेले. नाही, सहा. दोघांना मीच म्हणालो होतो, सैलच बरं. गॅरंटीचं कार्ड कुणाचंच भरलं नव्हतं, म्हणजे एकाचाही फोन नंबर नाही. आणि आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस.