यादीत पहिली गुनवोर

आमच्या नेश्यो गावातल्या ट्रक कंपनीत दर सोमवारी कॉफीच्या मशीनशेजारी यादी लागते: कुठल्या ड्रायव्हरनं शंभर किलोमीटरला किती डिझेल जाळलं. दोन वर्षं तिथं पहिलं नाव गुनवोर आल्मचं आणि दुसरं माझं, सिक्स्टेनचं. फरक अर्ध्या लिटरचा. त्या अर्ध्या लिटरनं माझी दर सोमवारची कॉफी कडू केली.

गुनवोर एकोणसाठ वर्षांची. बूट काढून लोकरीच्या मोज्यांनी ट्रक चालवते. म्हणे, पायाला नीट कळतं. उतार यायच्या आधीच पाय उचलणार, ब्रेकला होता होईतो शिवणार नाही. जेवणही ट्रकमध्येच: कडक पावावर ट्यूबमधली माशाची चटणी. नवरा आर्विद गेल्यापासून तर ट्रक हेच तिचं घर. मी हे सगळं मोज्यांसकट करून पाहिलं. फरक अर्धा लिटरच राहिला.

त्यात मालक हेनिंगनं जाहीर केलं: वर्षअखेरीला जो पहिला, त्याला कंपनीचा पहिला विजेवरचा ट्रक. मग मात्र मला राहवेना.

"हे मोजमापच खोटं आहे," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "ही बाई नेते कपाटं, मी नेतो ओल्या फळ्या. वजन कोण धरणार? टनामागे मोज!"

"बरोबर बोलतोय तो," गुनवोर म्हणाली. "टनामागेच मोज, हेनिंग."

तिचं हे मोठं मन मला जास्तच झोंबलं.

हेनिंगनं वर्षभराच्या वजनाच्या पावत्या काढल्या. पुढच्या सोमवारी यादीत पहिली गुनवोरच. माझं नाव शोधायला मला खाली वाकावं लागलं. अकरा जणांत नववा!

"अरे बाबा, गोथेनबर्ग बंदराहून तू रोज रिकामा येतोस," हेनिंग म्हणाला. "डिझेल जळतं, माल शून्य. ती तिथं थांबते, चार फोन करते आणि खत नाहीतर फरशा भरून आणते."

मी चारला परतायचो, ती सातला. बंदरावर गप्पा हाणत बसते, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला की काय होतं, ते मला विचारा.

तिला किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी अभिनंदन करायला गेलो, म्हणजे जावं लागलं.

"खरं सांगू? मला तुझा हेवा वाटायचा रे," तीच म्हणाली.

"माझा? आणि तो कशाबद्दल?"

"चार वाजले की तू घरी बायकोकडे पळायचास. माय-ब्रिट जेवायची थांबलेली असायची ना! माझ्यासाठी कोण थांबलंय? म्हणून मी माल भरत बसायचे."

ट्रक तर तिनं नेलाच, वर माझी जळफळायचीही सोय ठेवली नाही.