मऊ दोरी

मिरजेच्या दवाखान्याच्या बागेत तो म्हातारा रोज दिसायचा. केळीची वाळकी सोपटं सोलायची, नळाखाली भिजवायची आणि उघड्या मांडीवर त्यांची दोरी वळायची. वळलेली दोरी तो गालावरून फिरवी. जरा खरखरीत लागली, की तेवढी उकलून पुन्हा वळी. माझा भाऊ आत तापानं फणफणत होता आणि हा बुवा इथं हस्तकला करत बसलेला, याचा मला रागच यायचा.

शेवटी मी खोचकपणे विचारलं, "शिंकं करताय का, बाबा?"

"न्हाई." हात थांबले नाहीत. "कारभारीण आत हाय. डाक्टर म्हणत्यात, आता लय दिस न्हाईत. आमच्याकडं तिरडीला नायलॉनची दोरी बांधत्यात. तिला रुतंल ती."

"अहो, पण त्या अजून आहेत ना?"

"व्हय. म्हणून तर आत्ताच वळतोय. मागनं हात चालायचं न्हाईत."

त्याच्या पायाशी दोरीचं मोठं वेटोळं पडलं होतं. तिरडी दोनदा बांधून होईल एवढं. त्यानं टोक गालाला लावलं, नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा उकलायला घेतलं.