समुद्रातला हादरा आणि दगडूमामांचा तळवा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे मी. दिवसभर मायक्रोमीटर हातात. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारी बाई.

तर माझे दगडूमामा... पारनेर तालुक्यातले. विहिरी फोडण्यात जन्म गेला, त्यात दोन्ही कानही जवळजवळ गेले. विहिरीत वातीचे बार, म्हणजे सुरुंग, एकामागून एक उडतात आणि ते मोजावेच लागतात. सात भरले आणि सहाच उडाले, तर एक आत जिवंत आहे. कुणी उतरायचं नाही. कान गेल्यापासून मामा लांबच्या खडकावर तळवा टेकून बार मोजतात. बाकी काम आता झेपत नाही, पण त्या एका कामासाठी त्यांना अजून बोलावणं येतं. तेवढ्यावर माणूस ताठ चालतो.

गेल्या उन्हाळ्यात मी मामांचा डबा घेऊन विहिरीवर गेले होते. भर दुपार. सात बार उडाले, मी मोबाईलवर शूटिंग करत होते. थोड्या वेळाने धूर निवळला, माणसं उतरायला निघाली — आणि मामांनी हात आडवा केला.

"थांबा. भरले सात, उडाले नऊ."

विहिरीचं काम घेतलेला संपत हसायलाच लागला. "म्हातारबा, सातचे नऊ कसं व्हतील? डोकं फिरलं तुमचं. उद्यापासनं घरीच बसा."

मामांना ऐकू आलं नाही, पण हसणारे चेहरे दिसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला संपतचा राग आला... आणि खरं सांगते, मामांचं वय झालं असं मलाही वाटलं.

मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, नऊ कसे?

"सातानंतर एक बारीक ठोका आला. मंग मी एकावन्न मोजले, तवा दुसरा आला, जरा मोठा. लई लांबचा हाय. ह्या हिरीतला न्हाई."

संध्याकाळी मोबाईलवर बातमी — अरबी समुद्रात सौम्य भूकंप, तीव्रता ४.७. बातमीतली वेळ मी शूटिंगच्या वेळेशी ताडून पाहिली. मामांना ठोके लागले तेव्हाच लाटा इथे पोचायला हव्या होत्या. भूकंपाच्या दोन लाटा निघतात, एक वेगाची, एक मागून येणारी. दोन्हींमधले सेकंद गुणिले आठ, म्हणजे साधारण किलोमीटर. मामांचं मोजणं सेकंदाला एक धरलं, तर एकावन्न आठे चारशे आठ. भूकंपाच्या सरकारी साईटवरच्या नकाशावर तो ठिपका जवळपास तेवढ्याच अंतरावर होता. मी मामांना घेऊन तशीच संपतकडे गेले.

संपत म्हणाला, "मोठाच असंल, म्हनून लागला." मी ते मामांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"मोठा कुठला? चारच्या वर न्हाई," मामा म्हणाले. "कोयनेकडं धा वर्सं कामाला हुतो. हादरा आला की हात टेकायचा, दुसऱ्या दिशी पेपरात आकडा बघायचा. लांबचा असला तर तेवढं धरून चालायचं."

म्हणजे यंत्र प्रमाणाशी ताडून लावतात, तसं माणसाने स्वतःला चक्क कॅलिब्रेट केलं होतं.

"सरकारी मशीन खोटं आन तुमचा हात खरा, व्हय?" संपतने विचारलं. फरक छोटा नव्हताच. एक आकडा वाढला की लाटेची उंची दहापट होते, तर चार आणि ४.७ मध्ये पाचपटीचं अंतर. मीही मशीनच खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साईट पुन्हा उघडली. पहिला आकडा घाईचा असतो. सगळ्या केंद्रांच्या नोंदी आल्या की तो सुधारतात. सुधारलेला आकडा होता ४.०.

मी ओट्यापाशी उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. मग तडक विहिरीवर गेले आणि मोबाईल संपतच्या नाकासमोर धरला. त्याने दोनदा वाचलं. गाडी काढून मामांच्या दारात गेला. "चला मामा. बार भरल्यात, तुमच्याबिगर कोन उतरंना."

मामांनी चहा संपवला, निवांत. मग गाडीत बसले.

त्यानंतर मी जाणकारांना विचारलं. एवढ्या अंतरावरून एवढा हादरा माणसाला कळूच शकत नाही, तो फक्त यंत्राला कळतो, असं सगळ्यांनी सांगितलं. आणि घट्टे पडलेल्या त्या तळव्याला गरम कपसुद्धा कळत नाही.

पण संपत न्यायला आला त्या दिवशी बार उडाल्यावर मामांनी खडकावरचा हात बराच वेळ उचलला नाही, आणि तोवर एकही माणूस जागचा हलला नाही.

"आठ भरले, आठ उडाले. उतरा आता."

सगळ्यांत आधी संपत उतरला.