चार घागरींचं घर

बडीबी आमच्या चुलीतली राख बोटांनी चाचपून बघायची. रोज सकाळी उन्हं अंगणात उतरायच्या सुमाराला ती टोपली घेऊन आमच्या उंबऱ्याशी उभी राहायची आणि "राख" एवढंच म्हणायची. राख तिला भांड्यांना लागायची, साठवणीच्या मुगात मिसळायला लागायची, हे खरंच होतं. पण टोपलीत राख पडली की ती आधी चिमूट उचलायची, चोळायची आणि मग माझ्या तोंडाकडं बघायची. काल भाकरी किती झाल्या, सरपण ओलं होतं की वाळलेलं, संध्याकाळी मी पुन्हा चूल पेटवली की काय, सगळं तिला त्या चिमटीत कळायचं. "तुमी बोलाल ते बोला," ती म्हणायची, "राख काय बोलती ते म्या ऐकते."

धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी कागदांवरच्या उस्मानाबादेत, आम्ही तिच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे एका वकिलाकडं कारकून होते. खोली म्हणावी ती पुढचीच. मागची अंधारी, कोठीसारखी. वर मातीचं माळवद, मधे अंगण, अंगणात आड. अंगणापलीकडं बडीबी एकटी राहायची. नवरा कधीच वारलेला, पोटी मूलबाळ नाही. करीम नावाचा बहिणीचा मुलगा तेवढा होता. तो पोलिसात शिपाई होता आणि दर शुक्रवारी तिला भेटून जायचा. मुसलमानाच्या आडाचं पाणी नको, असा सासूबाईंनी गावाहून निरोप धाडला. पण दुसरी जागा मिळेना, तेव्हा आपला दोर-पोहरा वेगळा ठेवायचा यावर ते भागलं. मला पाण्याचं काही वाटत नव्हतं. शिपायाच्या मावशीच्या घरात राहायचं, या विचारानं मात्र कितीतरी दिवस घास गोड लागला नाही.

पहिल्याच दिवशी तिनं मला कायदा सांगितला. दोन माणसांना दिवसाला चार घागरी, वर थेंब नाही. माझ्या माहेरी दारात विहीर, तिला बारमाही पाणी. चार घागरी आम्ही तिथं नुसत्या अंगणात शिंपत होतो. दुपारपर्यंत माझं पाणी संपलं आणि मी रडकुंडीला येऊन बसले. बडीबी आत आली, मोरीकडं बघितलं आणि म्हणाली, "संपलं न्हाय, तू सांडलंस." मग तिनंच बसून शिकवलं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात करायचा. अंघोळ घंगाळात उभं राहून करायची आणि त्या पाण्यात धुणं भिजवायचं. सगळ्यात शेवटी जे उरेल ते दोडक्याच्या वेलाला. महिन्याभरात चार घागरींतून माझा तांब्याभर उरू लागला.

चुलीचंही तसंच. चूल दिवसातून एकदाच पेटायची, तीही सकाळी. मोठ्या जाळावर भाकरी, जाळ बसला की आमटी, नुसत्या निखाऱ्यावर दूध आणि बाजूच्या वैलावर सगळा वेळ अंघोळीचं पाणी. संध्याकाळी सकाळचंच खायचं. भाकरीचे कडक काठ बडीबीच्या बकरीला आणि बकरीच्या लेंड्या वेलाला. एवढ्याशा जागेत एक काडी वाया जायची नाही. ती स्वतःही तसंच राहायची, म्हणून तिच्यावर चिडताही येत नसे. दुपारी कुणाच्या माळवदातल्या साण्याच्या झरोक्यातून धूर निघाला की ती खालून बघत उभी राहायची आणि विचारायची, "त्यांच्याकडं कोण आलंय आज?"

तिच्या या नजरेची सगळी गल्ली टिंगल करी आणि सगळी गल्ली तिला भीतही असे. वाळत घातलेले कपडे ती मोजायची. दारातल्या चपला मोजायची. आमच्याकडं हळदीकुंकवाला आलेल्या बाया किती वेळ बसल्या हेही तिला ठाऊक असायचं. ही बाई भाच्याला सगळं सांगत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी यांना म्हणायची, "जागा बदलू." हे म्हणायचे, "आपल्याकडं लपवण्यासारखं आहे काय?" तेव्हा नव्हतं, हे खरं.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. कोण कुणाचं याचा भरवसा राहिला नव्हता. बाजारात मीठ घेतानाही माणसं आधी आजूबाजूला बघून घेत. अशात एका सकाळी, उजाडता उजाडता, माझे धाकटे दीर दत्तूभाऊजी मागच्या दारानं आत आले. सरहद्दीवरचा एक करोडगिरी नाका, म्हणजे निजामाचा जकातनाका, जाळणाऱ्या पोरांत ते होते. पोलीस मागावर होते. बार्शीकडं सरहद्द ओलांडली की ते सुटत होते, पण रस्त्यावर पहारे होते. "वहिनी, दोन दिवस," ते म्हणाले. त्या दोन दिवसांचे अकरा दिवस झाले.

मागच्या खोलीत एकोणीस वर्षांचा भुकेला जीव आणि अंगणात बडीबी. भाऊजी सापडले असते तर ते गेलेच होते आणि आम्ही दोघंही तुरुंगात गेलो असतो. वाचायचं तर घर दोघांचंच दिसायला हवं होतं. चार घागरींत मी तिघांचं भागवायला लागले. भाऊजींनी अंघोळ सोडली, यांनी एक दिवसाआड केली. त्यांचा सदरा मी यांच्या सदऱ्याच्या पाळीला धुवायची, म्हणजे दोरीवर एका वेळी एकच दिसावा. भाकरी वाढल्या तशी राख वाढली. ती सगळी टोपलीत टाकली असती तर बडीबीनं चिमटीतच तिसरा माणूस ओळखला असता. मग जास्तीची राख फडक्यात बांधून मी लग्नाच्या पेटीत, शालूखाली ठेवायला लागले. राख लपवून ठेवणारी बाई त्या गावात मी एकटीच असेन.

एवढं सगळं बेतानं केलं आणि बकरी विसरले. भाऊजी काठासकट भाकरी खात होते. पाचव्या दिवशी बडीबी टोपली घेऊन आली, राख घेतली आणि तिथंच उभी राहिली.

"बकरीची भाकर चार दिस झाले आली न्हाय."

"पीठ पुरत नाही हो, बडीबी."

"पीठ पुरत न्हाय, आन् राख हाय तेवढीच व्हय?"

त्या संध्याकाळपासून मी माझ्या वाटची अर्धी भाकरी बकरीला घालू लागले. बकरी खात असताना बडीबी तिच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी मी यांना सांगून टाकलं, की हिला कळलंय, आता शुक्रवार उजाडायचा अवकाश. शुक्रवारी करीम आला, मावशीच्या हातचं जेवला आणि निघून गेला. काहीच झालं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आठव्या दिवशी दुपारी गल्लीत झडती आली. जमादार, दोन शिपाई आणि त्यांच्यामागं काठ्या घेतलेली चार-पाच पोरं. हे कामावर गेले होते. मी पुढच्या दारात तांदूळ निवडत बसले होते आणि सूप हलू नये म्हणून मांडीवर दाबून धरलं होतं. बडीबी बाहेर बाजेवर मूग पाखडत होती. जमादारानं तिलाच विचारलं, "बडीबी, तुमच्या किरायदाराकडं कुणी आलंय म्हणतात."

"कोण येतंय म्या असताना?" मान वर न करता ती म्हणाली. "दोन मानसं हाइत, चार घागरी पानी देते. पाचवी भरली तर दोर काढून घेते म्या. राख बघते, कपडे मोजते. इचारा समद्या गल्लीला."

गल्लीला विचारायची गरजच पडली नाही. समोरच्या दारातली बाई म्हणाली, "साहेब, हिच्या घरात उंदीर शिरला तर ही त्याला बी इचारती, किती दिस ऱ्हानार म्हनून." शिपाई हसले. जमादारही हसला. जिथं बडीबी रोजच झडती घेते, तिथं आपण काय शोधायचं, असं त्याला वाटलं असावं. आमचा उंबरा न ओलांडता ते पुढच्या घराकडं गेले.

बराच वेळ गेल्यावर बडीबी आत आली. मागच्या खोलीच्या दाराकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. पेटीकडं बोट केलं. "शालूखाली राख ठिवू नगं, बेटी. जरीची किनार काळी पडती." दारात जाऊन पुन्हा वळली. "आन् उद्यापास्नं एक घागर माझ्या घरातनं घेऊन जा. आडावर दिसायला नगं. तिघांचं चारात भागत न्हाय."

तीन दिवसांनी भाऊजी कडब्याच्या गाडीत बसून बार्शीकडं निघून गेले. मी बडीबीचे पाय धरायला हवे होते. मी धरले नाहीत. उलट माझा संशय वाढला. तिनं हे का केलं? पुढं कधीतरी काढायला म्हणून हा हुकमाचा पत्ता तिनं ठेवून दिलाय, असंच मला वाटत राहिलं. मी तिच्याशी गोड बोलायला लागले, बकरीला अख्खी भाकरी घालायला लागले, आणि मनातून ती काय मागणार याची वाट बघत राहिले. तिनं काही मागितलं नाही. राख मात्र पूर्वीसारखीच चोळून बघायची. लाज वाटते सांगायला, पण जिनं आपल्याला वाचवलं तिच्याबद्दल माझ्या मनात इतकी किल्मिषं भरली होती.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. चार दिवसांत सगळं उलटं झालं. काल ज्यांची दारं बंद होती ते काठ्या घेऊन रस्त्यावर आले आणि काल जे रस्त्यावर होते त्यांची दारं बंद झाली. बंद दारांत ज्यांनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं अशांचीही दारं होती. खेड्यांतून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या. शिपाई म्हणून ओळखला जाणारा मुसलमान तर हाती लागला की संपलाच. दत्तूभाऊजी परत आले ते गळ्यात हार घालून, मागं दहा माणसं घेऊन.

सोमवारी दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. बडीबीच्या साण्यातून धूर निघत होता. मी वर बघितलं. मंगळवारी दुपारी पुन्हा निघाला. त्या घरात दुपारी चूल पेटलेली मी आजवर बघितली नव्हती. रात्री जेवण वाढताना मी यांना म्हणाले, "बडीबीकडं दोन दिवस दोनदा चूल पेटतेय." सहज म्हणाले, असं पुढं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. हे भाऊजींशी काय बोलले ते मी कधी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी दत्तूभाऊजी पाच माणसांसह बडीबीच्या दारात उभे राहिले.

"बडीबी, घर बघायचंय."

"कुनी न्हाय. म्या एकलीच हाय."

"तुमचे उपकार विसरलो नाही. पण बघून जातो. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली. उन्हाळ्यात तिच्या एका शब्दावर जमादार माघारी गेला होता, म्हणून हा मनुष्य जिवंत होता. त्यालाच आज तिचा शब्द पुरला नाही. मी अंगणात उभी होते. हे मला तिथं मोठ्यानं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण करीम आत आहे अशी माझीही खात्री होती. आत भांडी पडल्याचे, कणगी उलथल्याचे आवाज आले. मग सगळे रिकाम्या हातांनी बाहेर आले. भाऊजी माझ्याकडं न बघता गेले. त्यानंतर त्यांना वाढताना माझा हात कधी सैल झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बडीबीनं सोलापूरला बहिणीकडं जायला गाडी सांगितली. बकरी माझ्या दाराशी आणून बांधली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बडीबी, मी मुद्दाम नाही हो बोलले."

"हौ. मुद्दाम कोन बोलतंय." ती गाठोड्याची गाठ आवळत होती. "सोमवारी तू माझ्या धुराकडं बघितलंस. मान खाली घातलीस आन् पुन्हा बघितलंस. तवाच म्या त्याला हलवला. मंगळवारी नुसतीच चूल पेटवली. तू बोलतीस का ते बघाया."

"म्हणजे माझ्यावर तुमचा भरवसाच नव्हता?"

तिनं माझ्या गालाला हात लावला. त्या हाताला राखेचा वास होता. "तुझ्यावर माया लई व्हती, बेटी," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

करीम सोलापुरात एका गिरणीत लागला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, एवढं पुढं कुणाकुणाकडून कळलं. बडीबी मला पुन्हा भेटली नाही. मीही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? तिनं मला लेकीसारखं शिकवलं, माझं घर वाचवलं, आणि ऐन वेळी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. याचं मला वाईट वाटायला हवं. पण करीमच्या मुलांचा विचार आला की मी देवीला हात जोडते आणि मनात म्हणते, बरं झालं, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.