बदनाम पुढारी आणि सिल्लोडची मुलगी

त्या मुलीच्या गळ्यावरचे वळ माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत. तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सिल्लोडकडच्या एका बड्या जमीनदार घरातली ही मुलगी आमच्या हद्दीतल्या पुंडलिकनगरात खोली घेऊन शिकत होती. ती बेपत्ता असल्याची तक्रार वडिलांनी दिली. लगेच खबऱ्याने सांगितलं, "साहेब, पोरगी भाऊंच्या गाडीत बसताना दिसली."

भाऊ म्हणजे आमच्या भागातले वादग्रस्त पुढारी. प्रक्षोभक भाषणांचे गुन्हे मीच त्यांच्यावर दाखल केले होते. परजातीत लग्न करणाऱ्या मुलींना ते भर सभेत वाट्टेल ते बोलत. त्यामुळे बातमी फुटताच शहराने निकाल देऊन टाकला: भाऊंनीच पोरगी पळवली. वर्तमानपत्रांनी झोडपलं, ठाण्यासमोर घोषणा झाल्या.

मी त्यांना चौकशीला बोलावलं. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा माणूस एक तर चिडतो, नाहीतर फार गोड होतो. भाऊ यातलं काहीच करत नव्हते.

"मुलगी कुठे आहे?"

"नाय सांगत."

"अपहरणात आत जाल."

"जातो की."

त्यांची नजर मात्र सारखी दाराकडे जात होती. मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, दाराशी उभा व्हता तो हवालदार पोरीचा मामा लागतो. त्याला ठिकाण कळलं तर ती जित्ती राहत नाय."

नातं खरं निघालं. हवालदाराला मी तडक मुख्यालयात पाठवलं, भाऊंकडून ठिकाण घेतलं आणि महिला उपनिरीक्षकाला घेऊन साध्या वेशात पैठण गाठलं. भाऊंच्या विधवा बहिणीच्या घरी, पैठणीच्या मागाजवळ मुलगी बसली होती. परजातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं म्हणून चुलत्याने तिचा गळा आवळला होता.

"मग भाऊंकडेच का गेलीस?" मी विचारलं.

"तिथं मला कुणी शोधणार नाय, असं वाटलं. आधी त्यांनी मला लई शिव्या दिल्या. मग गाडी काढली."

मुलगी सज्ञान होती. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला, चुलत्याला अटक झाली, तिला संरक्षण मिळालं; पण तिला आसरा कुणी दिला, हे बाहेर आलं नाही. भाऊंवरचा आळ दूर करायला मी पत्रकारांना खरं सांगणार होतो. त्यांनी हात जोडले. "नका सांगू. बहिणीला त्रास व्हईल. आन् माझी माणसंबी उलटतील." तो आळ अंगावर घेऊनच ते पुढची निवडणूक हरले.

त्यानंतरच्या एका सभेला माझा बंदोबस्त होता. भाऊंनी पुन्हा तेच जहरी भाषण केलं. खाली उतरल्यावर मी विचारलं, "भाऊ, हे काय?" मान खाली घालून त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

त्या भाषणाचाही गुन्हा मी दाखल केला. आज नोकरीत असतो तर आजही केला असता. पण कुणी त्यांना नुसता गुंड म्हटलं, की मला गप्प बसवत नाही. लोकांसमोरचा माणूस आणि दाराशी आलेल्या लेकरासमोरचा माणूस, यातला खरा कोणता, हे इतकी वर्षं माणसं तपासूनही मला सांगता येत नाही. ती मुलगी आज पुण्यात नोकरी करते, सुखाने संसार करते. भाऊ कसे होते हे ठरवायला बसलात, तर तिलाही विचारा.