यानाला घडी

वसमतला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा कुरुंद्याहून शिवणकाम करणाऱ्या एक बाई यायच्या. टायपिंग झालं की त्या अवकाशयान बांधायचा गेम उघडायच्या. माउस खडूसारखा चिमटीत धरायच्या आणि नवा भाग जोडण्याआधी पडद्यावर वीत ठेवून माप घ्यायच्या.

यानाचा एक पंख झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, याला घडी कुठं घालायची? आमी कापड दुमडून कापतो, दोन्ही बाह्या बराबर येतात."

मला ठाऊक नव्हतं. ते कबूल करायचं सोडून मी म्हणालो, "ताई, हे यान आहे, झबलं नाही." सगळा वर्ग हसला. त्या दुसरा पंख एकेक तुकडा जोडत बसल्या. तो रोज वाकडा व्हायचा.

आठवड्याभरात मला गेममध्ये त्यासाठीचं बटण सापडलं. ते दाबून एका बाजूला भाग लावला, की दुसऱ्या बाजूला आपोआप लागायचा. तरी लाजेपोटी मी पंधरा दिवस गप्प राहिलो. हे पंधरा दिवस आजवर कुणालाच सांगितले नव्हते.

शेवटी बटण दाखवलं, तर त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "पोरींनो, या गं! सरांनी घडी हुडकली!"

मग मात्र राहवलं नाही. "घडी ताईंनीच विचारली होती. मी उगाच थट्टा केली."

"ऱ्हाऊ द्या हो," पडद्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "आता हे उडवायचं कसं, ते सांगा."

"मला येत नाही, ताई."

"मग बसा इथं. दोघं मिळून बघू."