कानबाईशी धरलेला अबोला

बायको छातीच्या तापानं गेली, तेव्हापासून कानबाईशी मी अबोला धरला होता. श्रावणात देवी घरात बसते, भाऊबंद जमतात, तिचा रोट, म्हणजे गव्हाचा प्रसाद, खातात. सुनेला मी सांगून टाकलं, यंदाही बसवायची नाही. ती म्हणाली, "आबा, घरनी देवी शे, तिनासंगे काय भांडन?" मी म्हटलं, "सुरुवात तिनं केली."

नागपंचमी झाली आणि मलाच खोकल्यानं धरलं. छातीचा फोटो काढायला पारोळ्याहून धुळ्याच्या एसटीत बसलो. शेजारच्या सीटवरच्या पोरीनं मला मास्क दिला. "यानं माझी बायको वाचली नाही," मी तोंडावर बोललो. ती रागावली नाही. पुण्यात ती अशाच रोगांवरचं औषध शोधते म्हणे. "आबा, विषाणू रूप बदलतो, म्हणून एकावरचं औषध दुसऱ्यावर चालत नाही. पण वाढायला त्याला आपल्याच शरीरातली काही प्रथिनं लागतात. तीच थोडे दिवस त्याच्यापासून झाकून ठेवायची."

मला हसू फुटलं. "म्हणजे लग्नातला फुकट्या! टोपी रोज नवी, पण वाढून घ्यायला पळी आपलीच. पळीच लपवा!"

"पण फार दिवस लपवली तर घरचेही उपाशी राहतील ना? तिथंच अडलंय."

"मंग तयार कधी व्हई?"

ती माझ्याकडे वळली. मग आमच्याच बोलीत म्हणाली, "तुम्हनी अक्कासाठे उशीर व्हयना, आबा. दुसरानी अक्कासाठे व्हवाले नको."

माझ्या बायकोबद्दल इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धुळ्याच्या अलीकडे फाट्यावर ती उतरायला उठली. "रोटाला घरी चाललेय. तुमच्याकडे कधी बसते कानबाई?"

"रविवारी," मी बोलून गेलो. कोणी वदवलं माझ्याकडून, मला ठाऊक नाही.

फोटो स्वच्छ निघाला, खोकला साधाच होता. पण बोललो ते बोललो. रविवारी देवी बसली. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घालतात. मी बायकोच्या नावानंही घातले. सून म्हणाली, "आबा, बायासनं नई टाकतस!" म्हटलं, "मी टाकस." ती हसली आणि तिनं सूप पुढं केलं.

आरतीला हात जोडले. बायकोला का नेलंस, हे मी देवीला विचारलं नाही. ते तिचं तिला माहीत. एवढंच म्हटलं, माय, त्या पोरीच्या हाताला यश दे.